स्कार्वी : उगम, अर्थ आणि सध्याची वस्ती

स्कार्वी हे आडनाव मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं तेव्हा मी ॲबर्डीनला तत्त्वज्ञान शिकत होतो आणि खोलीत एकटा होतो. अंधश्रद्धेवर निबंध लिहायचा होता. म्हटलं, सुरुवात स्वतःपासून करावी. भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "स्कार्वी." काहीच झालं नाही. फक्त जरा वेळाने लक्षात आलं, की माझा डावा हात खिडकीखालच्या रेडिएटरवर आहे. रेडिएटर लोखंडी होता. निबंधाला चांगले गुण मिळाले.

आमच्या पोर्टलॉरमध्ये हे नाव घेत नाहीत. समुद्रावर तर नाहीच, पण समुद्रावर जाणाऱ्या माणसाच्या कानावर पडेल अशा कुठल्याही ठिकाणी नाही. पोर्टलॉरमध्ये समुद्रावर न जाणारे म्हणजे एक पाद्रीबाबा आणि एक मी. चुकून कोणी घेतलंच तर ऐकणाऱ्याने "थंड लोखंड" म्हणायचं आणि हाताला येईल ते लोखंड धरायचं. आमच्या आजोबांच्या वेळी सकाळी धक्क्यावर जाताना त्या घरातलं कोणी समोर आलं, तर माणसं जाळी खांद्यावर टाकून तशीच घरी परतत आणि बायकांच्या शिव्या खात. त्या कुटुंबाला गाव नुसतं 'तिकडचे' म्हणतं. तिकडच्यांचं घर धक्क्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं शेवटचं. त्यामुळे सकाळी कोणी ना कोणी समोर येणारच. माझ्या मते या सगळ्या अपशकुनाचं मूळ एवढंच आहे. पण हे मी गावात बोलत नाही. मला इथेच राहायचं आहे.

उरलेल्या गावात आडनावं तीन. मेअर, स्लेटर, फिंडले. मुलांची नावं ठेवण्याच्या बाबतीत तर त्याहून कंजूषपणा. अलेक मेअर नावाने हाक मारली तर अर्धा धक्का वळून बघतो. म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव असतं, ते बापाकडून मुलाकडे येतं आणि थडग्याच्या दगडावरही कोरलं जातं. जॉर्ज मेअर 'बुटका' दारातून वाकून आत येतो, कारण बुटका होता तो त्याचा पणजोबा. मी नॉर्मन स्लेटर 'शाई'. माझ्या पणजोबांनी पैजेवर दौतभर शाई प्यायली होती. मी पुढे तालुक्याच्या साप्ताहिकात सदर लिहू लागलो, याचा त्या दौतीशी काही संबंध नाही.

स्कार्वींना मात्र टोपणनाव नव्हतं. एकच घर, त्यामुळे गोंधळाचा प्रश्न नाही, असं गावाचं म्हणणं. खरं कारण वेगळं. टोपणनाव देणं म्हणजे त्या माणसाला आपल्यातला म्हणणं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रामइतिहास मंडळाने आडनावांवर छोट्या पुस्तिका काढायचं ठरवलं. प्रत्येक पुस्तिकेचे तीन भाग : उगम, अर्थ, सध्याची वस्ती. मेअर, स्लेटर आणि फिंडले लगेच वाटून घेतले गेले. उरलं ते शिकलेल्या माणसाच्या गळ्यात पडलं.

उगम सोपा निघाला. बंदराच्या तोंडाशी एक काळा खडक आहे, जुन्या नकाशांवर त्याचं नाव स्कार्वी. त्याच्या समोरच्या वाडीत राहणारे ते स्कार्वी. अर्थही सोपा. पूर्वी उत्तरेकडून आलेल्या लोकांच्या बोलीत पाणकावळ्याला असंच काहीसं म्हणत, आणि त्या खडकावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसतात. म्हणजे आडनावाचा अर्थ 'पाणकावळ्यांची जागा'. हे मी कॅनडातल्या ओंटारिओच्या अखिल स्कार्वी परिवाराला कळवलं. त्यांच्या अध्यक्षांकडून उलट टपाली उत्तर आलं, की त्यांच्या संशोधनानुसार अर्थ 'निर्भय पंख' असा आहे, तो तसाच त्यांच्या मानचिन्हावर, त्यांच्या खास चौकड्यांच्या कापडावर आणि ताटं पुसायच्या फडक्यांवर छापलेला आहे, आणि फडकी अजून बरीच शिल्लक आहेत.

वस्तीचा भाग लिहिताना मात्र माझं पेन जरा मंदावलं. ओंटारिओत स्कार्वी मुबलक. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर त्यांचंच नळदुरुस्तीचं दुकान. फॉकलंड बेटांवर एक कुटुंब, मेंढ्यांसह. घरी त्यांना कोणी होडीवर घेईना, म्हणून ते जहाजांत बसून गेले, आणि सगळेच्या सगळे सुखरूप पोचले. समुद्राला हे नाव चालत नाही म्हणावं, तर त्यानेच ते जगभर नेऊन पोचवलं होतं. आणि स्कॉटलंडात? एक. एल्स्पेट स्कार्वी, पोर्टलॉर, धक्क्याच्या वाटेवरचं शेवटचं घर.

एल्स्पेट मूळची फिंडले. आमच्याकडे कोळ्यांच्या बायका लग्नानंतरही माहेरच्याच नावाने ओळखल्या जातात. गावाला ते फार सोयीचं पडलं. तिच्या लग्नात पाद्रीबाबांनी नवऱ्याचं पूर्ण नाव घेतलं तेव्हा अख्ख्या चर्चने बाकांचे खिळे चाचपले म्हणतात, आणि त्यानंतर गाव तिला पुन्हा एल्सी फिंडले म्हणू लागलं. ती मात्र दर वेळी दुरुस्त करायची. "फिंडले नाही. स्कार्वी." समोरचा माणूस लगेच खिशात हात घालायचा.

तिचा नवरा तापाने अंथरुणातच गेला. मुलगा, अलेक, समुद्रात गेला.

दर वर्षी ऑक्टोबरातल्या एका रविवारी, दुपारच्या प्रार्थनेनंतर, आम्ही धक्क्याच्या टोकाशी जमतो आणि बुडालेल्यांची नावं मोठ्याने वाचतो. नाव, आडनाव, टोपणनाव. वाचणाऱ्याने समुद्राकडे तोंड करायचं. प्रत्येक नावानंतर त्या घरातलं कोणीतरी उत्तर देतं, "आहे." होडीवर मोठी लाट येऊन गेली, की तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, सगळे आहेत ना हे बघायला हाक मारतो आणि माणसं असंच उत्तर देतात. इथे गेलेल्याच्या वतीने घरचे देतात. पणतू, नातसून, कोणीही. घर उरलं नसेल तर शेजारी देतात. उत्तर आल्याशिवाय पुढचं नाव वाचायचं नाही.

शेवटचं नाव अलेकचं. पण ते वाचत नाहीत. वाचणारा म्हणतो, "आणि एक," आणि थांबतो. त्या थांबण्यात एल्स्पेट मागून कुठूनतरी म्हणते, "आहे." मग लोक टोप्या घालतात आणि चहाला जातात.

त्या थांबण्याबद्दल गावात कोणी बोलत नाही. मी लहान होतो तेव्हा ते थांबणं नव्हतंच, कारण अलेक जिवंत होता. आता ते आहे, आणि रिकामं वाटत नाही. वाचणारा "आणि एक" म्हणतो आणि पाणी जरा जवळ आल्यासारखं वाटतं. भरती असो की ओहोटी. कोणीतरी बोलण्याआधी श्वास घेतो ना, तेवढंच. तोवर एल्स्पेट "आहे" म्हणते आणि तो श्वास सुटून जातो.

या वर्षी नेहमीच्या वाचणाऱ्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि काम माझ्याकडे आलं. दुसऱ्याच दिवशी एल्स्पेटचा निरोप आला, चहाला ये.

ती खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसली होती. पायांवर घोंगडी, मांडीवर बशी, बशीत लोणी लावलेला पाव, न खाल्लेला.

"ये रे शाई. पाय पुसलेस?"

"पुसले, बाई."

"लोक म्हणतात तू आमच्यावर पुस्तक लिहितोयस."

"पुस्तिका."

"बरं. तेवढेच आहोत आम्ही." तिने पाव माझ्याकडे सरकवला. "सोमवारी मला हंटलीच्या वृद्धाश्रमात नेणार आहेत. तिथून समुद्र दिसत नाही. दाराबाहेर गायी आहेत म्हणे. या वयात गायी."

"चांगली जागा आहे, बाई. माझी आत्या होती तिथे."

"आणि मेली तिथेच. माहीत आहे मला, मी मातीला आले होते." ती खिडकीबाहेर बघत राहिली. काचेवर धुकं होतं, बाहेर काहीच दिसत नव्हतं. "रविवारी माझ्या पोराचं पूर्ण नाव वाच."

मी कपातला चहा ढवळला. साखर घातलेली नव्हती.

"बाई, मंडळाला विचारावं लागेल."

"पणजोबा दौतभर शाई प्यायला," ती म्हणाली, "आणि तुझ्या तोंडून एक शब्द निघत नाही. अख्खं घराणं खाली आलं रे."

मी हसलो. ती हसली नाही.

"दर वर्षी मी 'आहे' म्हणते. पण मला कोणी विचारलंय का? न विचारता उत्तर देणारी म्हातारी वेडी दिसते. आणि खरं सांगू? उत्तर मी द्यायचंच नाही. त्याने द्यायचंय."

"अलेकने?"

"तो लाजरा होता रे. लहानपणी कोणाच्या दारात गेला, तर आत ये असं नाव घेऊन कोणी म्हणायचं नाही. मग तो बाहेरच उभा राहायचा. पाऊस असला तरी. मी हाक मारेपर्यंत." तिने घोंगडीची कड सारखी केली. "अजून तसाच उभा आहे. मला ऐकू येतो. मी एकटीने हाक मारली तर येत नाही. त्याला गावाने बोलवायला हवं. सोमवारनंतर त्याच्यासाठी दार उघडायला इथे कोणी नाही. म्हणून हा रविवार."

निघताना उंबऱ्याशी पाणी साचलेलं दिसलं. पावसाचं असेल. पाऊस त्या दिवशी झाला नव्हता, एवढंच.

मंडळाची बैठक झाली. जॉर्ज बुटका वाकून आत आला आणि बसण्याआधीच म्हणाला, "होणार नाही."

जॉर्ज आमचा सर्वांत जुना तांडेल. आता होडीवर जात नाही, खेकड्यांचे सापळे विणत बसतो. अलेक गेला तो जॉर्जच्या होडीवरून. होडी परत आली, बाकीची सगळी माणसं परत आली.

"सोमवारी पोरं बाहेर निघणार," जॉर्ज म्हणाला. "रविवारी ते नाव बंदरात टाकायचं आणि सोमवारी त्यावरून होड्या काढायच्या? कोणाची बायको हे ऐकून घेईल?"

"जॉर्ज," मी म्हणालो, "ओंटारिओत हे नाव ताटं पुसायच्या फडक्यांवर छापतात."

"मग तिथेच वाच."

अलेक मेअर 'गाजर' म्हणाला, "वाचू दे की. म्हातारी चाललीच आहे." हा गाजर तेव्हा जॉर्जच्याच होडीवर होता. जॉर्जने त्याच्याकडे असं बघितलं, की गाजरने बिस्कीट खाली ठेवलं.

मतदान बरोबरीत सुटलं. मंडळाचा अध्यक्ष मीच, त्यामुळे निर्णय माझ्यावर आला. मी म्हणालो, शास्त्रीय दृष्टी ठेवली पाहिजे, नाव वाचलं जाईल. फार बरं वाटलं. माझे दोन्ही हात टेबलावर होते. टेबलाचे पाय लोखंडी आहेत, आणि त्यांना मी गुडघा लावला होता हे कोणाला दिसलं नाही.

शनिवारी दुपारी मी एकटाच धक्क्यावर सरावाला गेलो. समुद्रावरून दाट धुकं आलं होतं. स्कार्वीचा खडक दिसत नव्हता. पाणी इतकं शांत होतं, की होड्या बांधल्या जागी हलत नव्हत्या. मी सगळी नावं वाचली. उत्तरं मनातल्या मनात दिली. शेवटी म्हणालो, "अलेक."

पुढचा शब्द जिभेवर होता. उजवा हात बाजूच्या कठड्याकडे गेला आणि तिथे ॲल्युमिनियम लागलं.

हे सांगायचं राहिलं. उन्हाळ्यात आम्ही धक्क्याचा जुना लोखंडी कठडा काढून नवा बसवला. गंजत नाही, रंगवावा लागत नाही, अनुदान मिळतं. ठराव माझाच होता.

मी हात मागे घेतला. आणि समोर धुक्यात, खडकाच्या बाजूला, कोणीतरी श्वास घेतला. पाणकावळा असेल. पाणकावळे वाट पाहिल्यासारखा श्वास घेत नाहीत, पण त्यांच्याबद्दल मला फारसं माहीत नाही, फक्त त्यांच्या नावाबद्दल माहीत आहे. मी कागद खिशात घातला आणि वळलो, तर मागे जॉर्ज उभा.

"ऐकलंस," तो म्हणाला. त्याने विचारलं नाही, सांगितलं.

"पक्षी होता."

"चल."

त्याच्या छपराखाली सापळ्यांच्या ढिगात आम्ही बसलो. त्याने हातात सुई आणि सुतळी घेतली, पण विणलं काहीच नाही.

"माझ्या होडीवर तेव्हा तीन अलेक होते," तो म्हणाला. "अलेक गाजर. अलेक ताक. आणि एल्सीचा, त्याला दुसरं कोणी होडीवर घेईना म्हणून मी घेतला होता. आता तूच सांग, लाट गेली की तांडेल काय ओरडतो? गाजर! ताक! आणि तिसऱ्याला काय म्हणू? टोपणनाव नाही. आडनाव होडीवर घेता येत नाही. मग मी युक्ती काढली. नुसतं 'अलेक' म्हणायचं. एका हाकेत तीन माणसं. पोरं हसायची. तोही हसायचा. म्हणायचा, तांडेल, एका गळाला तीन मासे."

"मग?"

"हिवाळ्याचे दिवस. दुपारीच अंधारून आलेलं. डावीकडून एक लाट अशी आली, की चुलीवरचं भांडं माझ्या मानेवर आदळलं. पाणी ओसरलं, मी खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडलो, अलेक!" त्याने सुई खाली ठेवली. "आहे, म्हणाला एक. आहे, म्हणाला दुसरा. मग जरा थांबून तिसरा. आहे."



"तीन हवे होते, तीन मिळाले. मी होडी वाऱ्याच्या तोंडातून काढली आणि घराकडे वळवली. पुढे बऱ्याच वेळाने गाजर चहा घेऊन आला आणि म्हणाला, तो कुठाय?"

"मग तिसरा..."

"तिसरा लांबून आला होता, शाई. मागून. मला वाटलं, मागच्या बाजूला उभा असेल. तो पाण्यातून उत्तर देत होता. मी हाक मारली, त्याने शिस्तीत उत्तर दिलं, आणि मी त्याच्याकडे पाठ फिरवून होडी हाकली." त्याचा आवाज तांडेलाचा, कितीही खाली आणला तरी छपराच्या पत्र्यावर वाजत होता. "पूर्ण नाव घेतलं असतं, तर एकच उत्तर आलं असतं. आणि ते कुठून आलं, हे मी बघितलं असतं. अपशकुन म्हणून घेतलं नाही."

"हे एल्स्पेटबाईंना..."

"नाही. तिला सांगितलं, लगेच बुडाला, त्रास झाला नाही." त्याने माझ्याकडे बघितलं. "होड्यांसाठी नको म्हणत नाही मी. पोरं जातील, सुखरूप येतील. उद्या तू ते नाव पुरं घेतलंस तर तो उत्तर देईल. आणि या वेळी तिथे मी असेन."

मी शास्त्रीय दृष्टीचं काहीतरी म्हणालो असेन. आठवत नाही.

रविवारीही धुकं विरलं नाही. लोक प्रार्थनेनंतर धक्क्यावर आले ते दरवर्षीपेक्षा जास्त. नाव वाचलं जाणार हे गावभर झालं होतं. आणि धक्क्याच्या टोकाशी पोचल्यावर सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, की इथे लोखंड नाही.

कठडा ॲल्युमिनियमचा. किल्ल्या पितळी, गाड्यांच्या तर प्लास्टिकच्या. कोणी पट्ट्याचं बकल चाचपून बघितलं, ते कसलंसं मिश्रण. एकाने मोबाइल पुढे केला, तर त्याच्या बायकोने तो खाली ढकलला. "आता हे लोखंड आहे का रे?" जोन फिंडले तिच्या वहिनीला म्हणाली, "घरून तवा तरी आणायला हवा होता." वहिनी म्हणाली, "मी आणलाय," आणि कोटाखालून खरंच काढून दाखवला. पण तो न चिकटणाऱ्यातला निघाला.

धक्क्यावर लोखंड एकच उरलं होतं. फार पूर्वी फुटलेल्या एका जहाजाचा नांगर, मुलांना चढायला ठेवलेला. दर वसंतात त्याला काळा रंग देतात. आणि नांगराच्या शेजारी, उताराची फरशी तिथेच संपते म्हणून, तिला न्यायला आदल्या दिवशीच आलेल्या वृद्धाश्रमाच्या परिचारिकेने एल्स्पेटची खुर्ची लावली होती.

आधी एकजण सरकला. मग दुसरा. मग सगळा गाव हळूहळू, इकडे तिकडे बघत, जणू सहजच, नांगराकडे निघाला. जिच्या समोरून सकाळी कोणी जात नसे, तिच्या खुर्चीभोवती पोर्टलॉर दाटीवाटीने उभं राहिलं. कोणाचा कोट तिच्या गालाला लागत होता. नांगराच्या प्रत्येक फाळावर हात, हातांवर हात.

एल्स्पेटने वर बघितलं. "काय गं जोन," ती म्हणाली, "थंडी वाजते का?"

"हो ना, एल्सी."

"एल्सी फिंडले की एल्सी कोण?"

जोनने नांगर घट्ट धरला. पण जागची हलली नाही.

मी समुद्राकडे तोंड केलं आणि वाचायला लागलो. मेअर, फिंडले, स्लेटर, मेअर. उत्तरं येत गेली. माझ्या स्वतःच्या आजोबांचं नाव आलं, "शाई" म्हणालो आणि स्वतःच "आहे" म्हणालो, त्यावर कोणीतरी दबक्या आवाजात हसलं. मग कागद संपत आला.

"अलेक," मी म्हणालो.

गाव थांबलं. एल्स्पेट या वेळी "आहे" म्हणाली नाही. खुर्चीत पुढे वाकून बसली होती, तोंड किंचित उघडं. पाणी जवळ आलं. नेहमीसारखं नाही. धक्क्याखालच्या दगडांवर कोणीतरी ओले पाय ठेवत एकेक पायरी चढावं, तसं.

"अलेक," मी पुन्हा म्हणालो. पुढचा शब्द अठरा पानांच्या पुस्तिकेत मी शेकडो वेळा लिहिला होता. उगम मला माहीत होता, अर्थ माहीत होता, ओंटारिओतल्या अध्यक्षांचं रक्तदाबाचं औषधही माहीत होतं. तोंडातून फक्त वाफ निघाली. उजवा हात मागे गेला आणि थंड, गंज न चढणाऱ्या, अनुदानित कठड्यावर पडून राहिला.

मागून एल्स्पेटचा आवाज आला. मोठा नव्हता. "शाई, म्हण ना रे."

मला म्हणता आलं नाही.

तेव्हा गर्दीतून वाट काढत जॉर्ज पुढे आला. त्याचा हात इतका वेळ नांगरावर होता. तो त्याने सोडला. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले आणि समुद्रावर मारतात तशी हाक मारली.

"अलेक स्कार्वी!"

नांगरावरचा एकही हात सुटला नाही. पण कोणी "थंड लोखंड" म्हणालं नाही.

जॉर्ज थांबला नाही. "अलेक स्कार्वी! मी आहे रे! मी वळलोय! मी इकडेच बघतोय!"

मग उत्तर आलं.

मी तत्त्वज्ञानाचा पदवीधर आहे, आणि धुक्यात आवाज कसा फिरतो यावर मी स्वतः सदर लिहिलेलं आहे. त्यामुळे एवढंच नोंदवतो, की अलेक गाजर आणि अलेक ताक माझ्या डोळ्यांसमोर उभे होते आणि दोघांची तोंडं घट्ट मिटलेली होती.

लांबून नाही आलं. पायऱ्यांवरून आलं.

जॉर्ज गुडघ्यांवर बसला. एवढा मोठा माणूस, त्याला उठवायला नंतर तिघे लागले. एल्स्पेटने मात्र मान वळवून पायऱ्यांकडे बघितलं आणि इतक्या वर्षांनी तिचा आवाज जरा चिडका झाला, दार उघडणाऱ्या कुठल्याही आईचा होतो तसा.

"किती वेळ रे. ये आत. पाय पूस आधी."

आणि खुर्चीच्या शेजारची माणसं, कोणी न सांगता, थोडी बाजूला झाली. एका माणसाला जाता येईल एवढी.

चहा झाला.  जोन फिंडलेने एल्स्पेटला बशी नेऊन दिली आणि म्हणाली, "साखर किती, मिसेस स्कार्वी?" म्हणताना तिचा मोकळा हात कोटावरून वहिनीच्या तव्याकडे गेला, पण म्हणाली.

सोमवारी एल्स्पेटला हंटलीला नेलं. होड्याही सोमवारीच निघाल्या. सगळ्या परत आल्या. मासे नेहमीइतकेच मिळाले, म्हणजे कमी. जॉर्ज अधूनमधून हंटलीला जातो असं कळलं. एल्स्पेटला त्याने काय सांगितलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पहिल्यांदा गेला तेव्हा तिने त्याला बाहेर गायींत उभं ठेवलं. दुसऱ्यांदा आत घेतलं.

फेब्रुवारीत ती गेली. तिला आमच्याकडेच आणलं. दगडावर काय कोरायचं, असं कोरणाऱ्याने विचारलं, तेव्हा गावातले चौघेजण एकदम बोलले.

धक्क्याच्या वाटेवरचं शेवटचं घर आता बंद आहे. संध्याकाळी तिथून जाताना माणसं दाराकडे बघून मान हलवतात, ओळखीच्या माणसाला हलवावी तशी. उंबऱ्याशी पाणी नसतं.

पुस्तिका वसंतात छापायला गेली. एल्गिनच्या छापखान्यातून बाईंचा फोन आला.

"शेवटच्या पानावर वस्तीचा तक्ता आहे बघा, मिस्टर स्लेटर. कॅनडा, न्यूझीलंड, फॉकलंड ठीक आहेत. पण पोर्टलॉरसमोर तुम्ही एक लिहिलंय. त्या बाई तर वारल्या ना? मी कुठेतरी वाचलं. शून्य करू का?"

"नको," मी म्हणालो. "एकच ठेवा."

"मग कोण आहे तिथे?"

मी सांगितलं. पूर्ण नाव सांगितलं, नीट, जसं विचारल्यावर सांगतात तसं. पलीकडे त्या लिहून घेत होत्या. मी हाताकडे बघितलं. तो टेबलावर होता. टेबल लाकडी आहे, पायांसकट.